वास्को पुन्हा नांदतं करायचं तर घरं कुणासाठी बांधायची?

नीलांबरी
नमस्कार मंडळी. वास्कोत स्वतंत्र पथाच्या मागच्या गल्लीत आमच्या कुटुंबाची जुनी दुमजली इमारत आहे. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. आजोबांनी बांधली तेव्हा खोली रिकामी झाली की संध्याकाळपर्यंत नवं बिऱ्हाड सामान घेऊन दारात उभं असायचं. बंदरात काम होतं, खनिज वाहणाऱ्या बार्जवाल्यांची ऑफिसं होती, खलाशी होते. आज वरच्या मजल्यावर एकाच घरात दिवा लागतो, बाकीच्यांना कुलूप. खाली एक शिंपी, एक स्टेशनरीवाले आणि एक कायमचं ओढलेलं शटर.

एका बिल्डरनं प्रस्ताव आणलाय. पाडायचं, तळाला शोरूम, वर टू बीएचके, विक्रीसाठी. घरातल्या बऱ्याच जणांना 'विकून मोकळे होऊया' वाटतं. मला नाही वाटत. २००१ च्या जनगणनेत मुरगाव पालिका क्षेत्रात, म्हणजे वास्को ज्यात येतं तिथे, सुमारे ९७ हजार लोक होते, २०११ ला ९४ हजार. त्याच दहा वर्षांत गोव्याची लोकसंख्या साडेतेरा लाखांवरून साडेचौदा लाखांवर गेली. म्हणजे माणसं गोव्यात येत होती, वास्कोतून मात्र जात होती.

आणि कामं काही संपलेली नाहीत. गोवा शिपयार्ड इथेच आहे, बंदर आहे, झुआरीनगरला बिट्स पिलानीचं कॉलेज आहे. पण तिथे काम करणारी कितीतरी माणसं रोज फोंडा, सांगे, काणकोणहून बस धरून येतात. संध्याकाळी ती परत गेली की बाजार थंड. माझं म्हणणं सरळ आहे: खाली दुकान, वर घर ही जुनी रचना ठेवायची आणि वरची घरं नर्सला, फिटरला, शिक्षकाला परवडतील अशा भाड्यानं द्यायची. गाव जागं राहील ते त्यांच्यामुळे.

प्रश्न दोन. आमच्यासारख्या कुटुंबांना पाडणं आणि पडू देणं यांच्या मधला काही रस्ता आहे का? आणि सरकारी जमिनींवर काय बांधलं जायला हवं?

सडेकर
चांगला विषय. मी सड्यावर वाढलो. वडील बंदरात होते. वास्को उतरणीला लागलं त्याचं मोठं कारण खाण. २०१०-११ च्या आसपास गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांच्या घरात खनिज बाहेर जात होतं. सप्टेंबर २०१२ ला सगळं थांबलं. नंतर जरा सुरू झालं तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं खाणींच्या ८८ लीज रद्द ठरवल्या. खाण डोंगरात असली तरी तिचा पगार वास्कोच्या बाजारात खर्च व्हायचा. बार्ज दुरुस्ती, दोरखंड, डिझेल, खलाशांची खानावळ, सगळं एका माळेत होतं. ते गेलं आणि शटरं पडली.

मग २०२३ च्या जानेवारीत उत्तर गोव्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळाहून विमानं उडू लागली. वास्कोजवळचा दाबोळी विमानतळ चालू आहे, पण टॅक्सीवाल्यांना विचारा.

खारवी
आकड्याबद्दल एक सांगतो, नीलांबरीबाय. ९७ चे ९४ झाले त्यात बायणासुद्धा धरा. कोर्टाच्या आदेशानंतर २००४ च्या पावसाळ्यात बायण्याच्या किनाऱ्यावरची वस्ती पाडली. पेपरात एकाच धंद्याचं नाव आलं, पण तिथे मजूर होते, मासळी निवडणाऱ्या बायका होत्या, शाळेत जाणारी पोरं होती. गाव 'सुधारायचं' म्हटलं की आधी कुणाचं घर जातं हे आम्ही पाहिलंय. म्हणून रीडेव्हलपमेंट शब्द ऐकला की आमच्या मच्छीमारांच्या खारीवाड्यात लोक दार लावून घेतात.

नीलांबरी
खारवीबाब, हे लिहिलंत ते बरं केलंत. जनगणनेच्या तक्त्यात हे दिसत नाही.

फोंडेकर_अभि
मी त्या बसमधला माणूस. फोंड्याहून रोज वास्कोला. सकाळी वेर्णा चढेपर्यंत ट्रॅफिक, संध्याकाळी बस भरून उभं. वास्कोत घर बघितलं नाही असं नाही. चिखली, दाबोळी, नवे वाडे सगळीकडे फिरलो. नवीन फ्लॅट विकत घ्यायचा तर पगार पुरत नाही. भाड्यानं मागितला तर '११ महिने, मग बघू'. मुलाला शाळेत घातल्यावर ११ महिन्यांनी कुठे जायचं? जुन्या बाजारातल्या वरच्या खोल्या रिकाम्या दिसतात. खाली विचारलं तर उत्तर एकच, 'मालक देत नाहीत'.

का देत नाहीत, हे कुणी सांगेल?

कायद्याचीपायरी
अभि, कारण भीती. १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा, पूर्ण नाव गोवा, दमण आणि दीव इमारती (भाडेपट्टी, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा. भाडेकरूला बाहेर काढायची कारणं त्यात ठरवून दिलेली आहेत. त्या काळी तो हवाच होता. पण जुन्या भाड्यात आज छपराची कौलंसुद्धा बदलता येत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही आणि जो सोडतो त्याच्या जागी मालक कुलूप लावतो.

दुसरं कारण खास आपल्या गोव्याचं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेली वारसा पद्धत. लग्नानंतर मिळकत साधारणपणे दोघांची सामाईक आणि मुलांचा वाटा सक्तीचा. म्हणजे आजोबांना पाच मुलं असतील तर पाच अधिक पाच जोडीदार, त्यातले काही वारले की त्यांची मुलं आणि त्यांचे जोडीदार. एक लिस्बनला, एक लंडनला, दोन दुबईत. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या. वाद झाला की इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारस आणि त्यांचे वाटे कोर्टातून ठरवून घेणं. २०१२ च्या वारसा कायद्यानं ही प्रक्रिया नव्यानं मांडली, २०१६ अखेरीस तो लागू झाला. तरी वारस शोधून नोटिसा पोचवण्यातच किती वेळ जातो ते रोज बघते. बंद शटरमागे बहुतेक वेळा एक न संपलेली इन्व्हेंटरी असते.

नीलांबरीताई, तुमच्याकडे ती झालीय का?

नीलांबरी
आजीची झाली. मोठ्या काकांची व्हायची आहे. सह्या करणारे आम्ही एकोणीस जण.

मांगोरहिल
एकोणीसच? आमच्याकडे हॉल बुक करावा लागेल. :)

लोखंडी_सळई
मी स्ट्रक्चरल इंजिनीयर. समुद्राजवळच्या इमारतींचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की इमारत कशाची आहे. चिऱ्याच्या भिंती आणि कौलं असतील तर ती वाचवणं सोपं. चिरा पाण्यापासून जपला की टिकतो. वासे, रीप, कौलं बदलता येतात, गिलावा चुन्याचा करावा. भिंतीला सिमेंटचा घट्ट गिलावा मारला की ओल आत अडकते आणि चिरा भुसभुशीत होतो. पण साठ-सत्तरच्या दशकात अनेकांनी चिऱ्याच्या भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकले. दुखणं तिथे. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये शिरतो, सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि खालचं कव्हर सुटून पडतं. हातोडीनं ठोकल्यावर पोकळ आवाज आला की समजायचं. सळईचा किती भाग शिल्लक आहे त्यावर ठरतं, दुरुस्ती करायची की तो स्लॅब उतरवायचा. स्लॅब उतरवायचा म्हणजे इमारत पाडायची असं नव्हे. भिंती ठेवून वरचा मजला नव्यानं करता येतो आणि खालचं दुकान थोड्या काळासाठीच बंद ठेवावं लागतं.

उंचीचं म्हणाल तर दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे. वास्कोत उंच जायचं तर नौदलाची एनओसी लागते. बिल्डरच्या कागदावरचे मजले त्याआधी खरे धरू नका.

आणि घाई नको. २०१४ च्या जानेवारीत काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून मजूर गेले. नवं म्हणजे मजबूत, असं कुणी गृहीत धरू नये.

विश्राम
माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. जुनी इमारत सांभाळणं हे ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना परवडतं. दोन मजल्यांत चार बिऱ्हाडं राहतात, सहा मजल्यांत चोवीस. जमीन मुळातच कमी. एका बाजूला समुद्र, एका बाजूला बंदर, मागे नौदल. मग वर जायचं नाही तर कुठे जायचं? शहराच्या मध्यात दाटी वाढवली नाही तर तीच माणसं डोंगर कापून बांधलेल्या कॉलनीत जातील. २०२३ ला नगरनियोजन कायद्यात १७(२) घातलं, २०२४ ला ३९ अ. त्यांच्या आधारे एकेक सर्व्हे नंबर हिरव्या पट्ट्यातून सेटलमेंटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या झोनमध्ये. १७(२) चे नियम मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानं रद्द केले हे चांगलंच झालं, पण शेतं वाचवायची असतील तर बाजारात बांधायला हवं. दोन्ही नको म्हणता येणार नाही.

नीलांबरी
विश्रामबाब, दाटी हवी याला माझा विरोध नाही. चोवीस घरांत खरंच चोवीस कुटुंबं राहणार असतील तर मी उद्या सही करेन. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं. घरं कमी पडत नव्हती, राहणाऱ्याला मिळत नव्हती. बिल्डरच्या चोवीसपैकी किती घरांत वर्षभर दिवा लागेल?

मळ्यावरची
पणजीहून लिहितेय. आमच्या मळ्यात, फोन्ताइन्यासला, इमारती छान राखल्या गेल्या. रंग आहेत, बाल्कन्या आहेत, फलक आहेत. माणसं गेली. शेजारचं घर गेस्ट हाउस झालं, समोरचं कॅफे. पोदेर, म्हणजे पाववाला, अजून येतो, पण त्याची सायकल थांबायची ती दारं कमी झाली. सकाळी कपडे वाळत घालायला बाल्कनीत आलं की खाली कुणीतरी फोटो काढत असतं. इमारत वाचवली म्हणजे वस्ती वाचली असं नाही. नीलांबरी, भाड्यानं द्याल तेव्हा करारात 'राहण्यासाठीच, पर्यटकांना नाही' हे घाला.

गिरणगावकर
मुंबईहून. मामाचं गाव पेडणे, म्हणून इथे डोकावतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमात, डीसीआर ५८ मध्ये, गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला असं ठरलं. २००१ ला शब्द बदलले. वाटणी अख्ख्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाची. २००६ ला सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं. एका दुरुस्तीनं लोकांच्या वाट्याची जमीन किती आटली ते लोअर परळला उतरलं की दिसतं.

सगळंच वाईट झालं असं म्हणणार नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीतली कुटुंबं ५०० फुटांच्या घरात गेली, पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. पण उंच इमारतीत देखभालीचा खर्च, लिफ्टचं बिल हे कुणाला तरी भागवावंच लागतं. तेही आधी मोजा.

वास्कोकरांना एकच सांगणं: जे ठरेल ते नियमात लिहून घ्या, आणि तो नियम बदलायला आला की सगळे मिळून उभे राहा.

दानुबेकाठ
व्हिएन्नात राहतो. इथे १९२३ मध्ये नगरपालिकेनं घरबांधणीसाठी खास कर लावला, मोठ्या घरांवर जास्त, आणि त्यातून कामगारांसाठी वसाहती बांधल्या. १९३० साली उद्घाटन झालेला कार्ल मार्क्स होफ हा त्यातला नावाजलेला. तेराशेच्या वर घरं, सोबत धुलाईघर, बालवाडी, दवाखाना, वाचनालय, दुकानं. ती घरं नगरपालिकेनं विकली नाहीत. आजही शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत आणि ती भाड्यानंच जातात.

आपल्याकडे हाउसिंग बोर्ड प्लॉट आणि फ्लॅट विकतं. पहिल्या घेणाऱ्याला स्वस्त मिळतं, तो विकतो तेव्हा दुसऱ्याला बाजारभाव. जनतेचा पैसा एकदाच कामी येतो. भाड्याचं घर पिढ्यान्पिढ्या कामी येतं.

विश्राम
हे पटतं. सरकारी जमीन विकू नये, यावर माझं नीलांबरीशी दुमत नाही. जुन्या क्वार्टर्स, गोदामं, बसस्टँडचा परिसर इथे पाच-सहा मजली भाड्याची घरं, तळाला मासळी बाजार, दवाखाना, पाळणाघर. केंद्राच्या पंतप्रधान आवास योजनेत, पीएमएवाय २.० मध्ये, भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. घर घ्यायला व्याजात सवलत देणारा भाग ३५ लाखांपर्यंतच्या घरालाच लागू होतो. वास्कोत त्या किमतीत नवं घर शोधून दाखवा. म्हणून इथे भाड्याचाच मार्ग.

सडेकर
आणि बंदरात उतरणारा कोळसा? घर परवडणारं बांधाल, खिडकी उघडता येईल का? बंदराजवळच्या घरांत सकाळी फरशी पुसली की दुपारी पायाला काळं लागतं. आई रोज ओटा तीनदा पुसायची. धूळ थांबली नाही तर नर्सबाई घर घेतील आणि मूल खोकायला लागलं की वर्षात निघून जातील. कुठलीही योजना आधी इथून सुरू व्हायला हवी.

खारवी
सडेकरांना दुजोरा. आणि रेल्वेचं दुपदरीकरण विसरू नका. रुळांच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांना उद्या काय होईल याची खात्री नाही. अशा माणसाला घर दुरुस्त कर म्हणून कसं सांगणार?

मांगोरहिल
अवांतर होतंय, पण सप्ताहाबद्दल लिहायलाच हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथ आली तेव्हापासून दामोदराचा भजनी सप्ताह चालू आहे. चोवीस तास भजन, वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे भजन करत निघणाऱ्या मिरवणुका, मग फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार. त्या दिवसांत स्वतंत्र पथावर पाय ठेवायला जागा नसते. वास्को सोडून गेलेलेही येतात. पूर्वी मात्र पार निघाला की वरच्या प्रत्येक खिडकीत माणसं असायची, ओळखीची. आता खाली गर्दी आणि वर बंद झडपा. मला वाटतं नीलांबरी म्हणतेय ते हेच.

सुईदोरा
मी हा धागा पहिल्यापासून वाचतोय. वास्कोतच शिंप्याचं दुकान आहे, अशाच एका जुन्या इमारतीत, वडिलांपासून. नीलांबरीताईंची नव्हे, दुसरी. भाडेकरूच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्या मालकांकडेही बिल्डर आला होता. त्यानं आम्हाला सांगितलं, 'दोन वर्षांत परत आणतो, तोवर बाहेर बघा'. कागद मागितला तर नंतर म्हणाला. मी हललो नाही. लोकांना वाटतं कमी भाड्यासाठी बसलाय. भाडं वाढवा, मी देईन. माझा धंदा जागेवर आहे. जूनमध्ये शाळांचे गणवेश, चतुर्थीच्या आधी कपडे, डिसेंबरात लग्नं आणि नाताळ. गिऱ्हाईक चालत येतं, हातात पिशवी घेऊन. मला चिखलीला नेऊन ठेवलं तर कुणी ब्लाउजला काज करायला रिक्षा करून येणार नाही. दोन वर्षांत गिऱ्हाईक दुसरीकडे लागतं, ते परत येत नाही.

मला तीन गोष्टी द्या, मी पहिली सही करतो. परत याच जागी येण्याचा रजिस्टर केलेला कागद. कामाच्या काळात याच बाजारात तात्पुरता गाळा. आणि काम फेब्रुवारीत सुरू करा, मे अखेरीस मला शटर उघडता यायला हवं.

लोखंडी_सळई
सुईदोरा, फेब्रुवारी ते मे म्हणजे पावसाआधीचे महिने, आम्हालाही तेच हवे असतात. दुमजली इमारतीचा वरचा स्लॅब बदलायला तेवढा वेळ पुरू शकतो, सामान आणि परवाने आधी हातात असतील तर. सगळं पाडून नवं बांधायला नाही पुरणार.

फोंडेकर_अभि
सुईदोरा, तुमच्या वरच्या मजल्यावर खोली निघाली तर भाडेकरू तयार आहे. गणवेशही तिथेच शिवून घेऊ.

कायद्याचीपायरी
नीलांबरीताई, आता मूळ प्रश्नाकडे. मधला रस्ता आहे, पण क्रम चुकवू नका. मोठ्या काकांची इन्व्हेंटरी आधी पुरी करा. तोवर बिल्डरच्या कुठल्याही कागदावर, अगदी 'प्राथमिक समजुती'वरही कुणी सही करू नका. मग एकोणीस जणांत लेखी ठरवा: इमारत कोण सांभाळणार, भाडं कसं वाटणार, ज्याला बाहेर पडायचंय त्याचा हिस्सा बाकीचे कोणत्या भावानं घेणार. बाहेर पडू पाहणाऱ्यांना अडकवून ठेवलंत तर तेच उद्या बिल्डरकडे जातील. दुकानदारांशी कागद त्यानंतर, सुईदोरांनी सांगितलं तसा, रजिस्टर करून. रिकाम्या खोल्या देताना वकिलाकडून करार तपासून घ्या, जुन्या कायद्याच्या भीतीनं कुलूप लावून ठेवू नका.

विश्राम
आणि हिशोब मांडा. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून किती वर्षांत फिटतो ते भावंडांसमोर ठेवा. भावनेवर एकोणीस सह्या होत नाहीत.

नीलांबरी
सगळ्यांचे आभार. चतुर्थीला सगळे घरी येतात, लंडनचे दोघेही या वर्षी येतायत. तेव्हा बसायचं ठरवलंय. खालच्या शिंपीकाकांशी आणि स्टेशनरीवाल्यांशी मात्र त्याआधीच बोलणार आहे. त्यांनी हे गल्लीतून ऐकू नये. हिशोबासाठी मला स्लॅबचा खरा खर्च लागेल. सळईबाब, तुम्ही येऊन बघाल का? फी अर्थातच देणार. येत्या मे महिन्यात जमेल? पाऊस नसतो, वर चढायला सोपं.

लोखंडी_सळई
येतो. पण मे मध्ये नको, जुलैत ठेवूया, दोन-चार दिवस सलग पाऊस झाल्यावर. पाणी नेमकं कुठून आत येतं ते कोरड्यात कळत नाही. तोवर बंद खोल्यांच्या सगळ्या किल्ल्या एकत्र करून ठेवा, आणि जुना नकाशा पालिकेत मिळतो का बघा.